अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे सुरुवातीचे निकाल वाचायला घेताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

'मॅककलॉक विरुद्ध मेरीलँड' हे नाव आपल्याकडे बहुतेकांना पहिल्यांदा भेटतं ते गाइडमधल्या दोन ओळींत. केंद्राला गर्भित अधिकार आहेत आणि राज्याला केंद्राच्या बँकेवर कर लावता येत नाही, असं ठरलं, विषय संपला. दहा मार्कांपुरतं हे चालून जातं. पण राज्यघटनेत 'बँक' हा शब्दच नसताना कोर्ट तिथपर्यंत पोहोचलं कसं, असं कोणी विचारलं की त्या दोन ओळी हात वर करतात.

हा लेख त्या पुढच्या प्रश्नासाठी आहे. एलएल.बी.ला घटना कायदा शिकणारे, यूपीएससीच्या जीएस दोनमध्ये इतर देशांच्या घटनांशी तुलना करावी लागणारे, अमेरिकेत एलएल.एम.ला निघालेले, आणि ज्यांची मुलं तिकडच्या शाळेत एपी गव्हर्नमेंट घेतायत असे आईबाबा, या सगळ्यांना तो उपयोगी पडावा. मी कायदा आधी महाराष्ट्रात शिकले, मग अमेरिकेत. त्यानंतर बऱ्याच जणांसोबत हे निकाल वाचले. अडखळायच्या जागा जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात.

वाचायला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. या निकालांत कोण जिंकलं यापेक्षा कोर्टाने कोणता प्रश्न स्वतःच्या हातात घेतला, ते शोधायचं. काही खटल्यांत राज्य जिंकलं आणि तरीही केंद्राची पकड घट्ट झाली. जिंकल्या-हरल्याचा तक्ता करत बसलात तर हे कधीच दिसणार नाही.

हाताशी काय असू द्यावं

- अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रत. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सात अनुच्छेद आणि सत्तावीस दुरुस्त्या, एका बैठकीत वाचून होते. खुणा करून ठेवा: पहिल्या अनुच्छेदाची कलमं ८, ९ आणि १०, तिसऱ्या अनुच्छेदाचं कलम २, सहाव्या अनुच्छेदाचा दुसरा परिच्छेद, दहावी आणि अकरावी दुरुस्ती.
- त्याआधीची राज्यव्यवस्था म्हणजे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. सगळं वाचायची गरज नाही, दुसरा अनुच्छेद मात्र हवाच.
- १७८९ च्या ज्युडिशियरी ॲक्टची कलमं १३ आणि २५.
- निकालांचा पूर्ण मजकूर. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या छापील खंडांची स्कॅन केलेली पानं खुली ठेवली आहेत. कॉर्नेलच्या लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटवर आणि जस्टियावरही निकाल मिळतात.
- भारताची राज्यघटना. शेवटच्या पायरीला लागेल.

१. आधी दुखणं समजून घ्या

१७८१ पासून लागू असलेल्या कॉन्फेडरेशनमध्ये काँग्रेसला लोकांवर कर बसवता येत नव्हता आणि राज्याराज्यांतला व्यापार नियंत्रित करता येत नव्हता. युद्धाचं कर्ज डोक्यावर, आणि पैशासाठी राज्यांकडे विनवण्या. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली, १७८९ मध्ये नवं सरकार कामाला लागलं. नव्या घटनेत काँग्रेसच्या अधिकारांची यादी आली (अनुच्छेद १, कलम ८), राज्यांनी काय करायचं नाही याची यादी आली (कलम १०), आणि घटना, तिच्यानुसार केलेले केंद्राचे कायदे व देशाचे तह हे सर्वोच्च कायदा असतील, असं सहाव्या अनुच्छेदात लिहिलं गेलं. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने उरलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे ठेवले.

भांडणाचं बीज इथेच आहे. यादी आहे, पण यादीतल्या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा आणि किती सैल लावायचा, हे घटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही.

इथला सापळा: त्या काळातले 'फेडरलिस्ट' म्हणजे राज्यांचे कैवारी नव्हेत. आज आपण 'संघराज्यवाद' म्हणतो तेव्हा राज्यांचे हक्क डोळ्यांपुढे येतात. ते लोक मात्र मजबूत केंद्राच्या बाजूचे होते. १८०१ ते १८३५ सरन्यायाधीश असलेले जॉन मार्शल याच पक्षाचे.

२. सायटेशन आणि छापील पान वाचायला शिका

सायटेशन म्हणजे निकाल कोणत्या खंडात, कोणत्या पानावर छापलाय त्याचा पत्ता. '१७ यू. एस. (४ व्हीटन) ३१६' असं दिसलं की घाबरू नका. सुरुवातीला निकालांचे खंड ते छापणाऱ्या रिपोर्टरच्या नावाने ओळखले जात: डॅलस, क्रँच, व्हीटन, पीटर्स. म्हणजे व्हीटनचा चौथा खंड, पान ३१६. नंतर सगळ्या खंडांना एकच सलग क्रमांक मिळाला, त्यात हा सतरावा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा. या जुन्या खंडांत निकालाच्या आधी दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद छापलेले असतात, आणि ते लांबलचक असतात. मॅककलॉकचा खटला पान ३१६ ला सुरू होतो, पण मार्शल यांचं निकालपत्र उघडतं थेट पान ४०० ला. गिबन्स विरुद्ध ऑग्डेन पहिल्या पानावर सुरू, निकालपत्र १८६ वर. मधलं सगळं वकिलांचं. कर लावण्याचा अधिकार म्हणजे नष्ट करण्याचा अधिकार, हे प्रसिद्ध विधान मार्शल यांचं म्हणून सगळीकडे दिलं जातं आणि ते पान ४३१ वर आहेही. पण त्याच आशयाचं वाक्य बँकेचे वकील डॅनिएल वेब्स्टर आधीच, पान ३२७ वर बोलून गेलेले आहेत. उतारा देण्याआधी तुम्ही वकिलाच्या पानावर आहात की न्यायाधीशाच्या, एवढं तपासा. 'चीफ जस्टिस मार्शल यांनी कोर्टाचं मत दिलं' अशी ओळ सापडली की तिथून पेन्सिल हातात घ्यायची.

'कोर्टाचं मत' ही गोष्टही नवीनच होती. मार्शल येण्याआधी बहुतेकदा प्रत्येक न्यायाधीश आपलं मत वेगळं वाचून दाखवत असे. मार्शल यांनी सगळ्यांच्या वतीने एकच निकालपत्र देण्याची पद्धत रुळवली. माझ्या मते कोर्टाचा दबदबा वाढण्यात या एका सवयीचा वाटा कोणत्याही सिद्धांताएवढाच मोठा आहे. पाच जणांची पाच कारणं असली की हरलेल्या राज्याला त्यातून वाट काढता येते. एकच कारण असलं की येत नाही.

३. मार्बरीने नव्हे, मॅककलॉकने सुरुवात करा

पाठ्यपुस्तकं १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसनने सुरू होतात. तो निकाल महत्त्वाचा आहे, त्यात वाद नाही. पण तिथे कोर्टाने बाजूला सारला तो केंद्राचा कायदा, ज्युडिशियरी ॲक्टच्या १३ व्या कलमातला भाग. राज्यांचा त्यात संबंध नव्हता. 'केंद्र विरुद्ध राज्य' शिकायला निघालेला माणूस मार्बरीत अडकला की न्यायालयीन पुनर्विलोकनाच्याच, म्हणजे कायदा घटनेत बसतो का हे कोर्टाने तपासण्याच्या, गल्लीत फिरत राहतो. मार्बरी मागाहून वाचा.

मॅककलॉक मात्र सावकाश, दोनदा वाचा. हकिगत अशी. १८१६ मध्ये काँग्रेसने दुसऱ्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सला वीस वर्षांची सनद दिली. बँकेचं भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यात पाचवा हिस्सा सरकारचा. बाल्टिमोरला शाखा उघडली. १८१८ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला: राज्याची सनद नसलेल्या बँकेने नोटा काढायच्या तर राज्याकडून विकत घेतलेल्या मुद्रांकित कागदावरच, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर आगाऊ भरायचे. बाल्टिमोर शाखेचे कॅशियर जेम्स मॅककलॉक यांनी साध्या कागदावर नोटा काढल्या. दंड वसुलीचा दावा झाला, राज्याच्या कोर्टांत बँक हरली, आणि प्रकरण वॉशिंग्टनला आलं. नऊ दिवस युक्तिवाद चालला. मेरीलँडच्या बाजूने उभे होते ल्यूथर मार्टिन, जे स्वतः १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत प्रतिनिधी होते. ६ मार्च १८१९ ला एकमताने निकाल आला.

निकालपत्र वाचताना समासात चार आकडे टाका, कारण मार्शल चार टप्प्यांत चालतात.

पहिला टप्पा: घटना कोणी केली? मेरीलँडचं म्हणणं, सार्वभौम राज्यांनी. मार्शल म्हणतात, मसुदा राज्याराज्यांत भरलेल्या लोकांच्या परिषदांनी मंजूर केला, म्हणून अधिकाराचा उगम जनतेत आहे. हे पहिल्यांदा वाचताना प्रस्तावनेसारखं वाटतं आणि लोक पानं उलटतात. उलटू नका, चौथा टप्पा पूर्णपणे यावर उभा आहे.

दुसरा टप्पा: यादीत नसलेलं काही करता येतं का? इथे दोन कागद शेजारी ठेवा. जुन्या आर्टिकल्सच्या दुसऱ्या अनुच्छेदात केंद्राला 'स्पष्टपणे' दिलेले अधिकार वगळता बाकी सगळे राज्यांचे, असं होतं. दहाव्या दुरुस्तीत 'स्पष्टपणे' हा शब्द नाही. जुन्या शब्दाने काय अडचण झाली ते दुरुस्ती लिहिणाऱ्यांनी पाहिलेलं होतं, असा मार्शल यांचा मुद्दा.

तिसरा टप्पा: कलम ८ च्या शेवटी काँग्रेसला 'आवश्यक आणि योग्य' कायदे करता येतील असं आहे. मेरीलँड म्हणालं, आवश्यक म्हणजे ज्यावाचून अडेल तेवढंच. मार्शल पुन्हा मजकुराकडे नेतात. कलम १० मध्ये राज्यांना आयात-निर्यातीवर जकात बसवायची मनाई करताना तपासणीच्या कायद्यांसाठी 'अगदी आवश्यक' असेल तेवढी सूट दिली आहे. म्हणजे घटनाकारांना कडक अर्थ हवा होता तिथे त्यांनी 'अगदी' लिहिलं. शिवाय हा खंड अधिकारांच्या कलमात आहे, बंधनांच्या कलम ९ मध्ये नाही. मग येते कसोटी: उद्दिष्ट घटनेत बसणारं असेल, आणि साधन त्याला साजेसं असून घटनेत निषिद्ध नसेल, तर ते घटनात्मक. कर गोळा करणं, कर्ज काढणं, सैन्य पोसणं हे यादीत आहे. त्यासाठी बँक हे साधन चालतं.

चौथा टप्पा: मेरीलँडचा कर. राज्य आपल्या लोकांवर कर लावतं तेव्हा लोक पुढच्या निवडणुकीत त्याला आवरू शकतात. पण केंद्राची बँक साऱ्या देशाची. एका राज्याने तिच्यावर कर लावला तर ज्यांना मेरीलँडमध्ये मतच नाही अशा सगळ्यांवर तो बसतो. म्हणून अंशाला पूर्णावर कर लावता येत नाही.

आता शेवटचा परिच्छेद वाचा, जो जवळजवळ कोणीच वाचत नाही. बँकेच्या इमारतीवर इतर इमारतींसारखाच मालमत्ता कर राज्य लावू शकतं, आणि मेरीलँडच्या रहिवाशांच्या बँकेतल्या हिश्शावरही इतर मालमत्तेप्रमाणे कर लागू शकतो, असं त्यात साफ म्हटलं आहे. 'राज्य केंद्रीय संस्थेवर कोणताही कर लावू शकत नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांचे मार्क इथेच जातात.

निकालानंतर व्हर्जिनियात गदारोळ उठला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्पेन्सर रोन यांनी 'हँपडेन' या टोपणनावाने वर्तमानपत्रात टीकेची लेखमाला लिहिली, आणि खुद्द सरन्यायाधीश मार्शल यांनी टोपणनावाने उत्तरं दिली. ती उत्तरं आज उपलब्ध आहेत. निकालपत्र जड वाटत असेल तर आधी ती वाचा, मार्शल तिथे जास्त मोकळे आहेत.

४. गिबन्स विरुद्ध ऑग्डेन: बोटीचा खटला

न्यूयॉर्कने लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन यांना राज्याच्या पाण्यात वाफेची बोट चालवायची मक्तेदारी दिली होती. ॲरन ऑग्डेन यांनी त्यांच्याकडून परवाना घेतला. थॉमस गिबन्स न्यू जर्सीच्या एलिझाबेथटाउनहून न्यूयॉर्कला बोटी सोडायचे. त्यांच्याकडे १७९३ च्या केंद्रीय कायद्याखालचा किनारी वाहतुकीचा परवाना होता. त्यांच्या बोटीचा कप्तान होता तरुण कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, पुढे रेल्वेसम्राट झालेला तोच. ऑग्डेननी न्यूयॉर्कच्या कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. (एलिझाबेथटाउन म्हणजे आजचं एलिझाबेथ. एडिसन, जर्सी सिटीकडच्या मराठी मंडळींच्या अगदी शेजारचं गाव. मुलांना हा खटला समजावायचा तर त्या किनाऱ्यावर घेऊन जा, समोरच्या तीरावर दुसरं राज्य दिसतं.)

कलम ८ मध्ये काँग्रेसला 'राज्याराज्यांमधला' व्यापार नियंत्रित करता येतो. मार्शल यांनी १८२४ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. व्यापार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हे, दळणवळणही त्यात आलं, म्हणून नौकानयन आलं. आणि हा अधिकार राज्याच्या वेशीपाशी थांबत नाही, आतही शिरतो. पूर्णपणे एका राज्यापुरता असलेला व्यापार मात्र त्याच राज्याचा. तपासणीचे, आरोग्याचे, विलगीकरणाचे कायदेही राज्यांचे.

सापळा इथे आहे. आंतरराज्य व्यापारावर फक्त काँग्रेसचाच अधिकार, राज्यांना त्यात हातच घालता येत नाही, असं गिबन्समध्ये ठरलं असं बरेच जण लिहितात. तसं ठरलं नाही. मार्शल त्या युक्तिवादाचं कौतुक करतात, त्यात जोर आहे म्हणतात, आणि मग बाजूला ठेवतात. निकाल लागला तो न्यूयॉर्कचा कायदा १७९३ च्या केंद्रीय कायद्याच्या आड येतो म्हणून. अधिकार फक्त काँग्रेसचाच, ही भूमिका न्यायमूर्ती जॉन्सन यांनी वेगळ्या सहमतीच्या मतात घेतली. रेशिओ (निकाल ज्यावर उभा आहे ते कारण) आणि ऑबिटर (ओघात केलेलं, बंधनकारक नसलेलं भाष्य) वेगळे करायचा सराव करायला याहून चांगलं निकालपत्र मला माहीत नाही. पाच वर्षांनी, १८२९ च्या विल्सन विरुद्ध ब्लॅक बर्ड क्रीक मार्श कंपनी खटल्यात डेलावेअर राज्याच्या परवानगीने खाडीवर बांधलेला बांध याच मार्शल यांनी टिकवला, कारण तिथे आड येणारा केंद्रीय कायदा नव्हता. दोन्ही निकाल पाठोपाठ वाचा.

५. शेवटचा शब्द कोणाचा?

केंद्राला अधिकार आहेत हे ठरलं तरी प्रत्येक राज्याचं कोर्ट घटनेचा आपापला अर्थ लावत बसलं तर? यासाठी दोन निकाल.

मार्टिन विरुद्ध हंटर्स लेसी, १८१६. लॉर्ड फेअरफॅक्स यांच्या व्हर्जिनियातल्या जमिनीचा वाद. सुप्रीम कोर्टाने १८१३ मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहाचा आधार घेऊन फेअरफॅक्सच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. व्हर्जिनियाच्या कोर्टाने तो पाळायला चक्क नकार दिला: ज्युडिशियरी ॲक्टचं २५ वं कलमच घटनाबाह्य आहे, आमच्यावर अपील चालत नाही. प्रकरण परत आलं. मार्शल यांच्या कुटुंबाचे त्या जमिनीत हितसंबंध असल्याने ते बसले नाहीत, निकाल जोसेफ स्टोरी यांनी लिहिला. अपिलाचा अधिकार खटला कशाबद्दल आहे यावर ठरतो, तो कोणत्या कोर्टात सुरू झाला यावर नाही. आणि एकच तह प्रत्येक राज्यात वेगळा अर्थ घेऊन वावरू लागला तर देशाचं काय होईल, हा स्टोरी यांचा प्रश्न आजही बिनतोड आहे.

कोहेन्स विरुद्ध व्हर्जिनिया, १८२१. फिलिप आणि मेंडिस कोहेन या भावांनी नॉरफोकमध्ये वॉशिंग्टनच्या लॉटरीची तिकिटं विकली. लॉटरीला काँग्रेसच्या कायद्याचा आधार होता, व्हर्जिनियात मात्र बाहेरच्या लॉटरीवर बंदी. दंड शंभर डॉलर. व्हर्जिनियाने ठणकावलं की फौजदारी प्रकरणात, तेही राज्य पक्षकार असताना, तुम्हाला ऐकायचाच अधिकार नाही. मार्शल यांनी सविस्तर कारणं देऊन अधिकार आहे असं ठरवलं. मग गुणवत्तेवर आले आणि म्हणाले, ही लॉटरी वॉशिंग्टनपुरतीच होती, दंड बरोबर आहे. शंभर डॉलर व्हर्जिनियाला मिळाले आणि अपील ऐकायचा अधिकार कोर्टाकडे राहिला. खटला जिंकलेल्या राज्याला बिनसायला जागाच उरली नाही! सुरुवातीला म्हटलं ते इथे उघड दिसतं.

६. कंत्राटाचं कलम, थोडक्यात

कलम १० मधल्या यादीत राज्यांना आणखी एक मनाई आहे: कंत्राटाची बंधनं मोडणारा कायदा करायचा नाही. फ्लेचर विरुद्ध पेक, १८१०. जॉर्जियाच्या विधिमंडळाने १७९५ मध्ये लाच खाऊन याझूची प्रचंड जमीन कवडीमोलाने विकली, पुढच्या वर्षी नव्या विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. दरम्यान जमीन तिसऱ्याच लोकांनी विकत घेतलेली. कोर्टाने रद्द करणारा कायदा बाजूला सारला. राज्याचा कायदा घटनेच्या विरोधात म्हणून रद्द करण्याची सुप्रीम कोर्टाची ही पहिलीच वेळ. १८१९ च्या डार्टमथ कॉलेज खटल्यात हेच तत्त्व संस्थेच्या सनदेला लागू झालं. नवख्यांनी इथे फार रेंगाळू नये.

७. ब्रेक कुठे लागले तेही वाचा

केंद्र वाढतच गेलं, अशी सरळ रेघ ओढू नका. हे टप्पे नोंदवा.

चिझम विरुद्ध जॉर्जिया, १७९३. साउथ कॅरोलायनाच्या एका मृत व्यापाऱ्याच्या वारसा-व्यवस्थापकाने युद्धकाळातल्या मालाच्या पैशांसाठी जॉर्जियावर दावा लावला. कोर्ट चार विरुद्ध एक मताने म्हणालं, दावा चालतो. राज्यं हादरली. १७९५ मध्ये अकरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि हा दरवाजा बंद झाला.

ओहायोने तर मॅककलॉकच्या निकालानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर १८१९ मध्ये, बँकेच्या शाखेत माणसं घुसवून कराचे पैसे उचलून नेले. तो वाद ऑस्बर्न विरुद्ध बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स या नावाने १८२४ मध्ये निकाली निघाला, बँकेच्या बाजूने.

वूस्टर विरुद्ध जॉर्जिया, १८३२. चेरोकी लोकांच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, असं कोर्टाने ठरवलं. जॉर्जियाने निकालाकडे ढुंकून पाहिलं नाही. जॉर्जियाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलेले मिशनरी सॅम्युएल वूस्टर जानेवारी १८३३ मध्ये सुटले ते गव्हर्नरच्या माफीने. आणि १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकललं गेलंच. त्या सक्तीच्या वाटचालीत हजारो माणसं मेली. कोर्टाकडे ना सैन्य ना तिजोरी, हे वाक्य आपण सहज म्हणून जातो. इथे त्याची किंमत माणसांनी मोजली. 'मार्शलनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा' हे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या तोंडचं वाक्य उत्तरात लिहू नका, त्यांनी ते म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याऐवजी जुलै १८३२ चा त्यांचा नकाराधिकाराचा संदेश वाचा. त्यात त्यांनी बँकेची सनद वाढवायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्टाचं मत आपल्यावर बंधनकारक नाही असं लेखी सांगितलं. मॅककलॉक निकाल टिकला, बँकेची केंद्रीय सनद मात्र १८३६ मध्ये संपली.

बॅरन विरुद्ध बाल्टिमोर, १८३३. पहिल्या दहा दुरुस्त्यांमधले हक्क फक्त केंद्राविरुद्ध मागता येतात, राज्याविरुद्ध नाही, असं मार्शल यांनीच ठरवलं. हे हक्क राज्यांना लागू व्हायला १८६८ ची चौदावी दुरुस्ती आणि त्यानंतरचे अनेक दशकांचे निकाल लागले.

८. भारताशी तुलना करताना

आपल्या परीक्षांत प्रश्न इथेच येतो, आणि घाई इथेच नडते.

मॅककलॉकला जे मजकुरातून खणून काढावं लागलं, त्यातलं बरंच आपल्या घटनेत सरळ लिहिलेलं आहे. संघराज्याच्या मालमत्तेवर राज्याचा कर नाही: अनुच्छेद २८५. समवर्ती सूचीत विसंगती आली तर केंद्राचा कायदा वरचढ, राष्ट्रपतींच्या संमतीचा अपवाद ठेवून: अनुच्छेद २५४. उरलेले अधिकार अमेरिकेत राज्यांकडे किंवा जनतेकडे, आपल्याकडे संसदेकडे: अनुच्छेद २४८ आणि संघसूचीतली ९७ वी नोंद. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना अमेरिकेच्या रचनेशी आपली तुलना स्वतःच सविस्तर केली होती. ते भाषण आधी वाचा, मग गाइड.

बॅरनसारखा प्रश्न आपल्याकडे उभाच राहत नाही, कारण अनुच्छेद १२ मधल्या 'राज्य' या व्याख्येत केंद्र, घटक राज्यं आणि स्थानिक संस्था पहिल्या दिवसापासून आहेत.

सगळ्यात मोठा फरक मात्र आपल्या घराजवळचा आहे. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याची फाळणी करून नवं राज्य करता येत नाही. आपल्याकडे अनुच्छेद ३ खाली संसद ते करू शकते, राज्याचं मत फक्त मागवायचं असतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते, संसदेने ते बदलून एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेल्या प्रस्तावावर मुंबई विधिमंडळाचं मत पुन्हा घेतलं नाही, म्हणून आव्हान दिलं गेलं. बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा रस्त्यावर का लढावा लागला, याचं एक कारण या निकालात दिसतं. पुढे १९६२ मध्ये पश्चिम बंगालने कोळसा असलेल्या जमिनींच्या संपादनावरून केंद्राला आव्हान दिलं. बहुमताने ठरलं की भारतातली राज्यं अमेरिकेतल्या अर्थाने सार्वभौम नाहीत. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं असहमतीचं मत चुकवू नका.

९. टिपण कसं काढायचं आणि पुढे काय

प्रत्येक निकालाचं अर्ध्या पानाचं टिपण पुरे. वर सायटेशन आणि निकालपत्र सुरू होतं ते पान. खाली घटनेचा नेमका खंड, शब्दशः. मग 'राज्य काय म्हणालं' हे आधी आणि पूर्ण ताकदीने लिहा. ल्यूथर मार्टिन किंवा रोन यांची बाजू तुम्हाला दमदारपणे मांडता आली नाही, तर मार्शल यांनी काय केलं ते कळलेलं नाही असं समजा. त्यानंतर कोर्टाचा प्रश्न, उत्तर, आणि उत्तराची मर्यादा. शेवटी, निकाल पाळला गेला का.

एवढं झालं की १८५२ चा कूली खटला घ्या, गिबन्समध्ये बाजूला ठेवलेला प्रश्न तिथे पुढे सरकतो. मग एकदम १९९५ च्या युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझवर या. शाळेजवळ बंदूक बाळगण्याला बंदी करणारा केंद्राचा कायदा व्यापाराच्या खंडात बसत नाही, असं कोर्ट तिथे म्हणालं. आणि २०१२ चा आरोग्यविम्याचा निकाल, ज्यात विमा घ्यायची सक्ती व्यापाराच्या अधिकारात बसली नाही, कराच्या अधिकारात बसली. मॅककलॉक आणि गिबन्स या दोघांचे दाखले त्यात पानोपानी आहेत, बहुमतातही आणि असहमतीतही. ते दाखले मूळ पानांशी ताडून पाहा.